चष्मेवाल्याचे हजार खटले

एका वेळी किती सिरीज बघता तुम्ही? दोन? तीन? एकीकडे खून, दुसरीकडे गायब झालेली मुलगी, डिटेक्टिव्ह दोन्हींच्या मागे, आणि शेवटच्या भागात दोन्ही धागे एकाच माणसापाशी. भन्नाट वाटतं ना? आता कल्पना करा, असली शेकडो गूढं एकच माणूस लिहितोय. तेही मराठीत, हाताने, मोबाईल जन्मालाही आला नव्हता तेव्हा.

चंद्रकांत सखाराम चव्हाण. हे नाव ऐकलं नसेलच. पण घरी आजोबांना बाबूराव अर्नाळकर म्हणून विचारा आणि त्यांचा चेहरा बघा!

बाबूरावांचा जन्म १९०६ चा. मुंबईत त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. म्हणजे दुकानात चव्हाण, पुस्तकावर अर्नाळकर. लोकांना नीट दिसावं म्हणून चष्मे विकायचे आणि त्याच लोकांना रात्रभर अंधारात फिरवून आणायचं, असे दोन उद्योग या माणसाने चालवले.

त्यांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. जरा हिशेब करा. महिन्याला दोन पुस्तकं धरली, तरी हजार व्हायला चाळीसहून जास्त वर्षं लागतात. शेरलॉक होम्सच्या सगळ्या कथा-कादंबऱ्या मिळून साठ!

एवढं जमलं कसं? बाबूराव एकाच हिरोवर थांबले नाहीत. धनंजय हा खासगी गुप्तहेर, सोबत छोटू. ही जोडी होम्स-वॉटसनच्या वळणाची, हे उघड आहे. झुंजार आणि काळापहाड मात्र कायद्याच्या चौकटीत मावणारे नव्हते. झुंजारच्या साहसात त्याची बायको विजयाही असायची. प्रत्येकाची फाईल वेगळी, वाचक वेगळे. एक केस मिटेपर्यंत दुसरी उघडलेली. एखादी डिटेक्टिव्ह एजन्सीच म्हणा ना!

आता दुसरी बाजूही ऐका. इंग्रजी रहस्यकथांतून त्यांनी बरंच उचललं. भराभर लिहिलं की घाईही दिसते, साचाही दिसतो. म्हणून साहित्याच्या मोठ्या चर्चेत त्यांना फारशी जागा मिळाली नाही. पण गिरणी कामगार, चाळीतली पोरं, शाळेच्या पुस्तकात रहस्यकथा लपवून वाचणारी मुलं यांना कादंबरी पुरी करायची सवय कुणी लावली? परदेशी कल्पना त्यांनी आपल्या माणसांच्या तोंडी, सोप्या मराठीत घातली. वाचायला शिकलेला माणूस पुढे काहीही वाचू शकतो. हे काम छोटं नाही.

१९९६ मध्ये बाबूराव गेले. स्वस्त कागदावरची ती पुस्तकं वाचून वाचून फाटली, बरीचशी रद्दीत गेली. आवडीने वाचलेलीच पुस्तकं आधी संपतात, हा यातला वाईट विनोद.

तेव्हा निरगुडसरहून मंचरला कॉलेजला जाताना एसटीत नेटवर्क गेलं, तर चिडू नका. गावात कुणाच्या तरी माळ्यावर, ट्रंकेत धनंजय किंवा झुंजार अजून पडलेला असेल. शोधा, आणि सापडला तर रद्दीवाल्याच्या आधी तुम्ही उचला. वाचून मित्राला द्या. फक्त खुनी कोण ते आधी सांगू नका!