विश्लेषण : ४७ वर्षांची मोटारसायकल, ६८ वर्षांचा चालक… बर्ट मन्रो यांनी घरच्या शेडमध्ये नेमके काय केले?

ताशी ८८-९० किलोमीटर धावण्यासाठी बनवलेली १९२० सालची मोटारसायकल १९६७ मध्ये अमेरिकेतील मिठाच्या मैदानावर ताशी २९६ किलोमीटरने धावली. ना कारखाना, ना प्रायोजक, ना अभियांत्रिकीची पदवी. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकावरील इन्व्हरकार्गिल या गावातील एका शेडमध्ये, चार दशकांहून अधिक काळ ही गाडी घडत, मोडत आणि पुन्हा घडत राहिली. गाडी घरीच खोलणाऱ्या, तिच्यात बदल करणाऱ्या जगभरच्या हौशी मंडळींमध्ये बर्ट मन्रो यांचे नाव आजही आदराने का घेतले जाते, याविषयी…

बर्ट मन्रो कोण होते?

हर्बर्ट जेम्स ऊर्फ बर्ट मन्रो यांचा जन्म २५ मार्च १८९९ रोजी इन्व्हरकार्गिल येथे झाला. जुळ्या बहिणीचा जन्मतःच मृत्यू झाला. हेही मूल फार जगणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितल्याची आठवण कुटुंबात होती. वाढले ते शेतावर. १९२० मध्ये त्यांनी ‘इंडियन स्काउट’ ही मोटारसायकल घेतली. नावात ‘इंडियन’ असले तरी तिचा भारताशी संबंध नाही. ती अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफिल्ड येथे तयार झालेली. कारखान्यातून बाहेर पडलेली ही ६२७वी स्काउट. ६०० सीसी क्षमतेचे, दोन सिलिंडरचे इंजिन. पुढे काही काळ ते मेलबर्नमध्ये शर्यतींत उतरले, महामंदीच्या सुमारास मायदेशी परतले आणि मोटारसायकल विक्रेता व मेकॅनिक म्हणून काम करू लागले.

शेडमध्ये काय चालत असे?

१९२६ पासून मन्रो यांनी स्काउटमध्ये बदल करायला सुरुवात केली. जोडीला १९३६ सालची ‘व्हेलोसेट’ही होती. रात्रभर गाडीवर काम करायचे आणि सकाळी नोकरीवर जायचे, असा त्यांचा दिनक्रम असे. संसाराला हे परवडणारे नव्हते. पत्नीपासून ते विभक्त झाले आणि शेवटी शेडमध्येच राहू लागले. या वेडाची किंमत घरच्यांनीही मोजली, हे त्यांच्या कौतुकात सहसा सांगितले जात नाही.

हत्यारे साधी होती. मोजमापासाठीचा मायक्रोमीटर त्यांनी चाकाच्या जुन्या आऱ्यापासून बनवला होता. पिस्टनसाठी धातू वितळवून तो पत्र्याच्या जुन्या डब्यांत ओतायचा. सिलिंडर ओतीव लोखंडाच्या गॅसच्या जुन्या नळापासून तयार केले. पिस्टनची ताकद क्रँकपर्यंत पोहोचवणारे कनेक्टिंग रॉड ट्रॅक्टरच्या ॲक्सलमधून हाताने कोरून काढले आणि मग त्यांना पाणी देऊन कणखर केले. फ्लायव्हील, कॅम, ऑइल पोहोचवण्याची यंत्रणा, सगळे घरचे. हौसेइतकीच त्यामागे निकडही होती. मूळ कंपनीने १९५३ मध्ये उत्पादन थांबवले, आणि विसाच्या दशकातील इंजिनाला विक्रमी वेगासाठी लागणारा सुटा भाग तसाही कुठल्याच दुकानात मिळणारा नव्हता.

इंजिनात सर्वांत मोठा बदल कोणता?

मूळ स्काउटचे इंजिन ‘साइड व्हॉल्व्ह’ पद्धतीचे. त्यात हवा-पेट्रोलचे मिश्रण आत घेणारे आणि जळालेला वायू बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असतात. रचना सोपी आणि टिकाऊ. पण मिश्रणाला वळसा घालून आत यावे लागते आणि फार दाबही देता येत नाही. म्हणजे इंजिनाचा श्वासच आखूड. मन्रो यांनी व्हॉल्व्ह पिस्टनच्या डोक्यावर, ‘ओव्हरहेड’ बसवले आणि दोन कॅमच्या जागी चार कॅमची रचना केली.

खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. इंजिनाची ताकद वाढली, की तिचा भार पुढच्या दुबळ्या भागावर येतो. पिस्टन टिकला तर रॉड तुटतो, रॉड टिकला तर क्लच घसरतो. घरी गाडीत बदल करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हा अनुभव येतो; मन्रो यांनी तो चाळीस वर्षे घेतला. त्यातूनच मूळ गिअरच्या जोडणीऐवजी तीनपदरी साखळी आली, १७ प्लेटांचा क्लच आला. इंजिन ६०० सीसीवरून ८५०, मग ९२० आणि अखेर ९५० सीसीपर्यंत गेले. फुटलेले पिस्टन, वाकलेले रॉड त्यांनी फेकले नाहीत. शेडमधल्या फळीवर ते मांडून ठेवले आणि त्यावर वेगाच्या देवाला वाहिलेला नैवेद्य अशा अर्थाची पाटी रंगवली. त्यात विनोद होता, पण कुठला भाग कसा आणि कुठे तुटला याची ती नोंदवहीही होती.

बॉनव्हिलला काय घडले?

अमेरिकेतील युटा राज्यात बॉनव्हिल येथे मिठाचे विस्तीर्ण, सपाट मैदान आहे. वेगाचे विक्रम तिथे केले जातात. मन्रो तिथे एकूण दहा वेळा गेले. पहिल्यांदा केवळ पाहायला. १९६२ मध्ये, ६३व्या वर्षी, ८५० सीसी इंजिनावर त्यांनी ताशी २८८ किलोमीटरचा विक्रम केला. १९६६ मधील दुसरा विक्रम ताशी २७०.४७६ किलोमीटरचा. आकडा आधीपेक्षा कमी कसा, असा प्रश्न पडेल. पण हे विक्रम इंजिनाच्या क्षमतेनुसार वेगवेगळ्या गटांत मोजले जातात आणि वाढवलेल्या इंजिनामुळे गट बदलला होता.

वारा कापण्यासाठी गाडीवर लांबट कवच चढवलेले असे आणि मन्रो त्यात पालथे पडून गाडी चालवत. मात्र या कवचामुळेच अतिवेगात गाडी डगमगू लागे. एका फेरीत वेग कमी करण्यासाठी ते थोडे वर उठले, तर वाऱ्याने गॉगल उडवला आणि त्यांना काही दिसेनासे झाले. मार्ग दाखवणारा लोखंडी खांब थोडक्यात चुकला. अखेर त्यांनी गाडी आडवी पाडली आणि किरकोळ खरचटण्यावर निभावले. त्यांना हृदयविकार होता, हे लक्षात घेतले तर हा प्रकार किती बेतला असता याची कल्पना येते. १९६७ मध्ये पात्रता फेरीत त्यांनी एका दिशेने ताशी ३०५.८९ किलोमीटरचा वेग गाठला आणि हजार सीसी गटात तिसरा विक्रम केला.

पुढे गाडीचे काय झाले?

१९७७ मध्ये मन्रो यांना पक्षाघाताचा झटका आला. हातापायांचा मेळ पूर्वीसारखा राहिला नाही. गाड्या आपल्याच भागात राहाव्यात म्हणून त्यांनी स्काउट आणि व्हेलोसेट, दोन्ही इन्व्हरकार्गिलमधील एका व्यापाऱ्याला विकल्या. ६ जानेवारी १९७८ रोजी, ७८व्या वर्षी त्यांचे निधन झाले. गावातील ‘ई. हेज’ या हार्डवेअरच्या दुकानात त्यांची स्काउट पाहायला मिळते. नटबोल्ट आणि रंगाच्या डब्यांच्या शेजारी. २००५ मध्ये रॉजर डोनाल्डसन यांनी ‘द वर्ल्ड्‌स फास्टेस्ट इंडियन’ हा चित्रपट काढला. त्यात मन्रो यांची भूमिका अँथनी हॉपकिन्स यांनी केली. चित्रपटात अनेक वर्षांच्या खेपा एकाच प्रवासात गुंफल्या आहेत.

विक्रमाचा आकडा २०१४ मध्ये का बदलला?

असा विक्रम एका फेरीवर ठरत नाही. वाऱ्याचा फायदा मिळू नये म्हणून दोन्ही दिशांना धावावे लागते आणि त्यांची सरासरी काढली जाते. १९६७ मध्ये मन्रो यांच्या नावावर ताशी १८३.५८६ मैल असा वेग नोंदवला गेला होता. अनेक वर्षांनी त्यांच्या मुलाने मूळ आकडे पाहिले. उत्तरेकडील फेरी १८४.७१० मैल, दक्षिणेकडील १८३.४६३. यांची सरासरी १८४.०८७ येते. ही बेरजेची चूक अमेरिकन मोटारसायकलिस्ट असोसिएशनच्या निदर्शनास आणून देण्यात आली आणि संस्थेने २०१४ मध्ये विक्रम दुरुस्त केला. मन्रो यांच्या निधनानंतर ३६ वर्षांनी त्यांच्या गाडीचा वेग ताशी अर्धा मैल वाढला.