ताराबाई मोडक आणि अंगणातले बालघर

बडोदे राज्यात सक्तीच्या शिक्षणाचा पहिला प्रयोग १८९३ साली अमरेली भागात झाला व १९०६ साली तो सर्व राज्यास लागू करण्यात आला, ही हकीगत आपल्याकडील जुन्या मराठी घरांतून आजही अभिमानाने सांगितली जाते. तो अभिमान रास्तच आहे. परंतु त्या कायद्याचा हात मुलाला लागे तो सातव्या वर्षी. पाळण्यापासून पाटीपर्यंतची जी वर्षे, ज्यांत मूल बघायला, ऐकायला, धरायला, चालायला आणि बोलायला शिकते, ती वर्षे आई, आजी आणि दैव यांच्यावरच सोपवलेली असत. या वर्षांसाठी कोणती जागा हवी, तिला खर्च किती यावा आणि ती कोणाच्या मुलांच्या वाट्याला यावी, या तीन प्रश्नांसाठी ज्या मराठी बाईने आपले सारे आयुष्य वेचले, त्या ताराबाई मोडक यांचे चरित्र आपल्या घरांतून अधिक परिचित असायला हवे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईस, प्रार्थनासमाजाच्या वळणाच्या केळकर कुटुंबात झाला. मुलींनी शिकावे की शिकू नये, हा वाद इतर घरांत अजून चालू होता. या घरात तो कधीच मिटला होता. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पण हा संसार टिकला नाही आणि १९२१ साली तो कायद्यानेही संपला. त्या काळी सुशिक्षित समाजातही घटस्फोटित स्त्रीकडे कोणत्या नजरेने पाहिले जाई, हे सांगावयास नको. पदरी लहान मुलगी होती. ताराबाईंनी नोकरी धरली आणि राजकोटच्या बार्टन अध्यापिका विद्यालयाच्या त्या प्राचार्य झाल्या. मानाची आणि पगाराची अशी ती जागा होती. ती सोडून त्या भावनगरला गेल्या, तेथून त्यांच्या खऱ्या कार्याचा आरंभ होतो.

भावनगरला तेव्हा गिजुभाई बधेका यांचे दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू झालेले होते. गिजुभाई मूळचे वकील. १९१३ साली त्यांना मुलगा झाला आणि त्याला कसे वाढवावे या चिंतेतून हे गृहस्थ वकिलीकडून बालशिक्षणाकडे वळले. या वळणावर गायकवाडी मुलखाचाही थोडा वाटा आहे. चरोतरातील वसो गावी मोतीभाई अमीन यांची गाठ पडली असता गिजुभाईंना माँटेसोरी पद्धतीची ओळख झाली. मोतीभाई म्हणजे बडोदे राज्यातील ग्रंथालय चळवळीचे नाव झालेले कार्यकर्ते. १९२० साली गिजुभाईंनी बालमंदिर उघडले, पुढे ताराबाई त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. एक गुजराती गृहस्थ व एक मराठी बाई, दोघांनी मिळून शिक्षणपत्रिका चालवली, अध्यापिका तयार केल्या, पालकांना शहाणे केले.

माँटेसोरीबाईंनी रोम शहरातील सान लोरेंझो या गरीब वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी पहिले बालगृह उघडले. त्यांचा विचार समजला की बाळाच्या खोलीचे सारे शास्त्र समजते. खोली मुलाच्या मापाची हवी. फळी इतकी खाली, की हव्या त्या वस्तूला मुलाचा हात पोहोचावा. मेज-खुर्ची इतकी हलकी, की मुलाने स्वतः उचलून न्यावी. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली, म्हणजे घेतलेली वस्तू परत ठेवणे हाच एक खेळ होतो. आणि प्रत्येक साधन असे, की त्यात एका वेळी एकच गुण बदलावा. त्यांचा प्रसिद्ध गुलाबी मनोरा पाहा. दहा लाकडी घन. रंग एक, आकार एक, फरक फक्त मापाचा. सर्वांत लहान घन एक सेंटिमीटरचा, सर्वांत मोठा दहा सेंटिमीटरचा. मुलाचे लक्ष रंगाने वा चित्राने फाटत नाही. लहान-मोठे एवढेच त्याच्या डोळ्यांत आणि बोटांत भरते. चूक झाली तर मनोराच ती दाखवतो, बाईंनी रागावण्याचे कारण उरत नाही.

ही गोष्ट सुंदर खरी, पण महाग. असे घन रंधून, घासून, रंगवून अचूक मापाचे करायचे तर कसबी सुतार हवा. आणि येथेच एक विसंगती निर्माण झाली होती. रोमच्या गरीब वस्तीत जन्मलेली पद्धत हिंदुस्थानात आली ती बहुधा ऐपतदार घरांच्या मुलांसाठी. ताराबाईंनी १९३६ साली मुंबईस दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू केला, तेव्हा तेथे येणारी मुलेही मध्यमवर्गातलीच. शिशुविहार नावारूपास आला, त्याला जोडून अध्यापिकांचे वर्ग चालले. १९३९ साली गिजुभाई गेले. त्याच वर्षी माँटेसोरीबाई स्वतः मद्रासला अड्यार येथे आल्या आणि महायुद्धामुळे त्यांचा या देशातला मुक्काम लांबला. त्यांच्या पद्धतीचा चहूकडे बोलबाला झाला. ताराबाईंना आता स्थिर कीर्ती होती, शहर होते, हाताशी माणसे होती. दुसरे कोणी असते तर येथेच समाधान मानले असते. परंतु मुलाचे बालपण त्याच्या बापाच्या पगारावर ठरावे, हे त्यांच्या मनाला पटेना.

बडोद्याहून मुंबईस जाणाऱ्या रेल्वेवर डहाणूच्या अलीकडे घोलवड नावाचे लहानसे स्टेशन लागते. तेथून जवळच समुद्रकाठी बोर्डी हे गाव आहे. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाईंनी तेथे ग्राम बालशिक्षा केंद्र उघडले. त्यांच्या सोबतीला आल्या पस्तीस वर्षांच्या अनुताई वाघ. बालपणीच विवाह आणि काही महिन्यांतच वैधव्य, अशा दुःखातून शिकून उभी राहिलेली ही बाई ताराबाईंची उजवा हात झाली, आणि पुढे कार्याची वारसदारही. तो काळ त्या भागात खळबळीचा होता. त्याच वर्षी डहाणू-उंबरगाव पट्ट्यातले वारली जमीनदारांच्या वेठबिगारीविरुद्ध उठले होते. पोटाला अन्न नाही आणि अंगावर वस्त्र नाही, अशा वस्तीत बालशिक्षणाची भाषा बोलणे सोपे नव्हते.

केंद्र उघडले, पण ज्यांच्यासाठी उघडले ती मुले येईनात. आईबाप कामावर जात, मोठे भावंड धाकट्याला कडेवर घेऊन बसे किंवा गुरांमागे हिंडे. हरिजनवाड्यातून गावातल्या बालवाडीपर्यंतचे अंतर पावलांनी थोडे असले, तरी मनाने फार लांबचे होते. तेव्हा ताराबाईंनी जे केले ते आज साधे वाटते, पण त्यासाठी सारी विद्वत्ता बाजूला ठेवावी लागते. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या दारात जावे, हे त्यांनी ठरवले. वस्तीतल्या एखाद्या अंगणात, झाडाच्या सावलीत, शिक्षिका जाऊन बसू लागल्या. पहिले काम अंघोळीचे. मग नखे कापणे, केस विंचरणे, खाऊ देणे. मग गाणी, गोष्टी, खेळ. अंगणात भरणारी वाडी ती अंगणवाडी. आज हा शब्द देशाच्या कानाकोपऱ्यांत गेला आहे. त्याचा उगम या समुद्रकाठच्या वस्तीत झाला.

आता साधनांचा प्रश्न. गुलाबी मनोरा येथे कोण आणणार? ताराबाईंनी मनोरा टाकला, त्यातले तत्त्व ठेवले. समुद्रावर शिंपले होते. ते लहानापासून मोठ्यापर्यंत लावता येतात. रानात बिया होत्या. रंगाने, आकाराने, गुळगुळीतपणाने त्यांचे गट पाडता येतात. गोटे हातात घेऊन हलके-जड कळते. पाने, फुले, काटक्या, माती, बांबू यांतून मोजणी, रचना आणि चित्रे होतात. माँटेसोरीबाईंच्या साधनाचा जीव लाकडात वा रंगात नव्हे, तर क्रमात आहे. हा क्रम निसर्गाने फुकट मांडून ठेवलेला आहे, तो मुलासमोर नीट ठेवणारी डोळस बाई तेवढी हवी. हे ज्याला उमगले त्याने खर्चाचा निम्मा प्रश्न सोडवला.

मात्र स्वस्त आणि गबाळे यांत ताराबाईंनी कधी गल्लत केली नाही. गरिबांच्या मुलांना काहीही चालेल, ही वृत्ती त्यांना मान्य नव्हती. अंगण झाडलेले हवे, वस्तू जागच्या जागी हव्यात आणि शिक्षिका शिकलेली हवी. म्हणून बोर्डीलाही त्यांनी अध्यापिकांच्या प्रशिक्षणावर भर दिला. पैसा वाचवायचा तो सामानात, माणसात नव्हे, असे त्यांच्या साऱ्या कामाचे सार काढता येईल.

१९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे विकासवाडी उभी राहिली आणि ताराबाईंच्या विचाराला पूर्ण रूप आले. तान्ह्यांसाठी पाळणाघर, त्याहून मोठ्यांसाठी बालवाडी आणि त्यांच्या पुढच्यांसाठी प्राथमिक शाळा, अशी तिन्ही एकाच आवारात. यामागचा हिशोब पाहण्यासारखा आहे. आठ-नऊ वर्षांची मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असते. त्या भावंडाला पाळणाघरात जागा मिळाली की एका दगडात दोन पक्षी: तान्ह्याची देखभाल होते आणि ताईची पाटीही सुटत नाही. जी मुले दिवसभर गुरे राखीत, त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरू लागली. तिला कुरणशाळा म्हणत. पाळणाघर ही श्रीमंतांची सोय नव्हे, तर शिक्षणाच्या इमारतीचा पहिला थर आहे, हे कोसबाडने दाखवून दिले.

या चरित्रातून आपल्यासारख्या घरांनी काय घ्यावे? दांडिया बाजारातले वाडे उतरले, त्यांच्या जागी सदनिका आल्या; माजघर गेले, ओटी गेली, अंगण तर गेलेच. आणि बाळ येणार म्हटले की दुकानातून खोलीच्या खोली विकत आणण्याची रीत पडली. ताराबाईंच्या नजरेने पाहिले तर एक उजेडाचा, हवेशीर कोपरा पुरे. जमिनीवर स्वच्छ सतरंजी, तिच्यावर बाळाला पालथे पडून मान उचलण्यास, लोळण्यास, रांगण्यास मोकळी जागा. भिंतीशी एक बुटकी फळी, तिच्यावर चार-पाचच वस्तू; आठवड्याने त्या बदलाव्यात. ढिगाने खेळणी दिली की मूल एकातही रमत नाही. संखेड्याचा लाखकामाचा पाळणा घरात असेल तर तो आनंदाने लावावा. पण तो नाही म्हणून बाळाचे काही अडत नाही.

दोन गोष्टींत मात्र आजचे ज्ञान जमेस धरावे. तान्ह्याला झोपवायचे ते उताणे, सपाट आणि घट्ट अंथरुणावर, उशा व गोधड्यांचा गराडा न घालता. डॉक्टर आज हेच सांगतात. आणि शिंपले-बिया हे बालवाडीच्या वयाचे खेळणे आहे. तीन वर्षांच्या आतले मूल हाताला लागेल ते तोंडात घालते; त्याच्या हाती तोंडात न मावणारी, न तुटणारी, कच्चा रंग न जाणारी वस्तूच द्यावी. लाकडी चमचा, पितळी वाटी, जाड कापडाचा चेंडू यांहून चांगले खेळणे बाजारात क्वचित मिळेल.

नादाविषयी एक शब्द लिहिल्यावाचून माझ्यासारख्या गाणे शिकवणाऱ्यास राहवत नाही. माँटेसोरी संचात सूर जुळवण्यासाठी घंटांची जोडी असते; फरक फक्त स्वराचा, बाकी घंटा सारख्या. तीच युक्ती घरात करावयाची तर एकसारख्या दोन चिनी वाट्यांत कमी-अधिक पाणी भरून मोठ्या माणसाने हलकेच वाजवावे. जलतरंग दुसरे काय आहे? पण यंत्रातून दिवसभर गाणी लावून ठेवू नयेत. बाळाने हुंकार द्यावा, आईने तो उचलावा, बाळाने पुन्हा द्यावा, हाच बाळाचा पहिला रियाज. या देवघेवीतून भाषा उमलते, आणि तिला पैसा लागत नाही, वेळ लागतो. ताराबाईंच्या अंगणवाडीत गाण्याला जागा होती ती शोभेपुरती नव्हती.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण देऊन गौरवले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, देशातील ३३ प्रकल्प-विभागांत एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळाले अंगणवाडी. आज अशी १३ लाखांहून अधिक केंद्रे आहेत. त्यांतली कित्येक नीट चालतात, कित्येक कशीबशी. अंगणवाडीच्या बाईला कामाच्या मानाने मोबदला आणि मान दोन्ही थोडा मिळतो. माणसात पैसा वाचवू नये, हा ताराबाईंचा धडा येथे अजून शिकायचा राहिला आहे.

अंगणवाडी म्हणजे गरिबांची सोय, असे आपल्या घरांतून सहज बोलले जाते. तसे बोलताना एवढे ध्यानात असावे, की दादरच्या सुस्थित मुलांना जे उत्तम देता येई तेच वस्तीतल्या मुलांना देण्यासाठी एका विदुषीने शहर सोडले. बारशाला आणि वाढदिवसाला आपण मुलांवर जो खर्च करतो, त्यातला थोडा भाग जवळच्या अंगणवाडीतल्या सतरंजीसाठी, बुटक्या फळीसाठी गेला, आणि वर्षातून चार वेळा आपल्यापैकी कोणी तेथे जाऊन मुलांबरोबर गाणे म्हटले, तर ताराबाईंचे स्मरण पुतळ्यावाचून होईल.