कृष्णचंद्र भट्टाचार्य : विधानात न मावणारा 'मी'

बंगालमधील श्रीरामपूरला १८७५ मध्ये जन्मलेल्या कृष्णचंद्र भट्टाचार्यांचा 'द सब्जेक्ट ॲज फ्रीडम' हा ग्रंथ १९३० मध्ये अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिराने काढला. सरकारी महाविद्यालयांतील अध्यापनातून निवृत्त झाल्यावर १९३३ पासून दोन वर्षे ते तेथेच संचालक होते. 'हा' म्हटले की वस्तू दाखविता येते. 'मी'चा आशय मात्र असा विषय होत नाही, ही त्यांची मूळ भूमिका. हुसर्लच्या फिनॉमेनॉलॉजीशी त्यांचे नाते जुळते ते याच ठिकाणी. १९३६ च्या निबंधात त्यांनी ती ताणून धरली : खरे विधान विज्ञानापुरतेच, तत्त्वज्ञानाची वाक्ये केवळ विधानाच्या रूपात असतात. आपल्या वाक्यांनाही त्यांनी यातून सूट दिली नाही. त्यांच्या लेखनाचा दुर्बोधपणा बहुधा येथूनच आला असावा. १९४९ मध्ये ते वारले. विखुरलेले निबंध पुढे पुत्र गोपीनाथांनी दोन खंडांत एकत्र केले.