रानफळांचा सोबती : हेन्री डेव्हिड थोरो

थोरो म्हटले की वॉल्डन तळ्याकाठची झोपडी आणि तुरुंगातली एक रात्र, एवढेच आपल्याला आठवते. गांधीजींनी त्याचा सविनय कायदेभंगावरील निबंध वाचला होता, दुर्गाबाई भागवतांनी त्याचे ‘वॉल्डन’ मराठीत आणले. त्यामुळे हा अमेरिकन माणूस आपल्याला परका वाटत नाही. मला मात्र त्याच्याविषयी आपुलकी वाटू लागली ती निराळ्याच कारणाने. हा तत्त्वचिंतक गावातल्या मुलांना सोबत घेऊन रानफळे तोडत हिंडत असे!

मॅसॅच्युसेट्समधील कॉन्कॉर्ड या गावी १२ जुलै १८१७ रोजी त्याचा जन्म झाला. वडील पेन्सिली बनवीत. १८३७ साली हार्वर्डची पदवी घेऊन तो गावी परतला. पुढे त्याने शिक्षकी केली, वडिलांच्या धंद्यात हात घातला, जमीन मोजणीची कामेही केली. १८४५ च्या ४ जुलैला तो वॉल्डनकाठी, मित्र इमर्सनच्या जमिनीवर स्वतः बांधलेल्या झोपडीत राहायला गेला. दोन वर्षे, दोन महिने आणि दोन दिवस तो तेथे राहिला.

याच काळात, १८४६ च्या जुलैत, गुलामगिरी आणि मेक्सिकोवरील युद्ध यांना पाठीशी घालणाऱ्या सरकारला कर देणार नाही म्हणून त्याला अटक झाली. दुसऱ्या दिवशी सुटल्यावर त्याने काय केले असेल? चांभाराकडे दुरुस्तीला टाकलेला जोडा घेतला आणि तो हकलबेरी तोडायला निघालेल्या मंडळींबरोबर टेकडीवर गेला. हकलबेरी म्हणजे झुडपावर येणारे निळसर काळे, आपल्या करवंदाहून लहान असे रानफळ. थोरोच्या मृत्यूनंतर इमर्सनने हळहळून म्हटले, की राष्ट्राचे नेतृत्व करायची योग्यता असलेला हा माणूस फळे तोडणाऱ्यांचा म्होरक्या होऊन राहिला. हा ठपका मला पटत नाही.

कारण थोरोच्या डोळ्यांदेखत टेकड्यांना कुंपणे पडत होती. जेथे कोणीही टोपली घेऊन जावे, तेथे मालक मज्जाव करू लागले. फळे तोडण्याचा हक्क विकला जाऊ लागला. विकत घेतलेल्या फळात रानातली भटकंती आणि मोकळा वारा येत नाही, हे त्याचे दुःख होते. प्रत्येक गावाने पाचशे ते हजार एकर रान सर्वांसाठी राखून ठेवावे, असे त्याने १८५९ मध्ये लिहून ठेवले. ज्याच्या मोजणीवर सीमा ठरत, त्यानेच हे लिहावे, हे विशेष.

कॅमेरा तेव्हा नुकताच आला होता. १८५६ मध्ये वूस्टर येथे थोरोने स्वतःची छबी काढवून घेतली. पण रानाचे चित्र त्याने शब्दांनीच टिपले. कोणते फूल कधी उमलले, कोणते फळ कधी पिकले, याच्या नोंदी त्याने वर्षानुवर्षे ठेवल्या. पुढे हर्बर्ट ग्लीसन नावाच्या छायाचित्रकाराने त्याच वाटांवर फिरून ती स्थळे टिपली. १९०६ साली थोरोची रोजनिशी ग्लीसनच्या छायाचित्रांसह प्रसिद्ध झाली. त्या फुलांच्या नोंदींशी आजची निरीक्षणे ताडून शास्त्रज्ञांनी दाखविले आहे, की हवामान तापल्यामुळे कॉन्कॉर्डची अनेक फुले आता लवकर उमलतात.

१८६० च्या डिसेंबरात झाडांच्या बुंध्यांवरील वर्तुळे मोजताना त्याला सर्दी झाली. ती छातीत उतरली, आणि क्षयाने ६ मे १८६२ रोजी, वयाच्या ४४ व्या वर्षी तो गेला. रानफळांवरील त्याचे हस्तलिखित अपुरे राहिले. ते ग्रंथरूपाने यायला २००० साल उजाडले.

मे महिन्यात आपल्या घाटांतही करवंदांच्या जाळ्या काळ्याभोर होतात. त्या जाळीपर्यंत मुलांची वाट उद्या मोकळी राहील का? थोरोचे चरित्र मिटताना मला हाच प्रश्न पडतो. विद्यार्थी मित्रांनो, त्याचे उत्तर आपल्यालाच द्यायचे आहे.