चिपट्यून शिकायचंय? मग आधी मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांना ऐका

कमोडोर ६४ हे नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. १९८२ सालचा कॉम्प्युटर, मेमरी फक्त ६४ केबी. म्हणजे तुमच्या फोनमधल्या एका फोटोलाही पुरणार नाही. त्यातल्या ‘सिड’ या साउंड चिपमधून एका वेळी तीनच आवाज निघतात. अशा चिपवर केलेलं संगीत म्हणजे चिपट्यून. त्याला चित्रांची जोड देऊन छोट्याशा प्रोग्रॅममध्ये बसवलं की झाला डेमो. हे डेमो करणाऱ्यांची जगभर मोठी जमात आहे. फिनलंडने तर २०२० साली डेमोसीनला आपल्या सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत घेतलं.

मी सांगलीचा. नोकरी सॉफ्टवेअरची, आणि शनिवार-रविवारी सिडच्या एम्युलेटरवर राग वाजवून बघायचा उद्योग. या कामात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते १९३७ सालीच गेलेल्या एका गवयाने.

किराण्याहून मिरजेला

उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ चा, उत्तर प्रदेशातल्या किराणा गावचा. घराण्याचं नावही त्यावरूनच पडलं. तरुणपणी ते बडोदा दरबारात गात. तिथेच ताराबाई माने यांच्याशी जुळलं आणि दोघांनी बडोदा सोडलं. पुढे खाँसाहेबांनी मिरजेला घर केलं. मिरज म्हणजे सतार-तानपुऱ्याचं गाव, आणि खाँसाहेब म्हणजे तानपुरा जुळवण्याबाबत अतिशय काटेकोर माणूस. वाद्यं ते स्वतः दुरुस्तही करत.

१९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. सवाई गंधर्व त्यांचेच शिष्य, आणि भीमसेन जोशी हे सवाई गंधर्वांचे.

सूर म्हणजे आकडा?

आता आपल्या कामाचा भाग. त्या काळी कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर २२ श्रुतींचं गणित शोधत होते. साताऱ्यात न्यायाधीश असलेले क्लेमंट्स हे इंग्रज अधिकारीही त्यांच्यासोबत होते. मोजायचं तर पक्का सूर लावणारा गळा हवा. तो मिळाला खाँसाहेबांचा. ते गाणार आणि देवल तारेवर तो सूर जुळवून तिची लांबी मोजणार. १९१० साली देवलांनी यावर पुस्तक छापलं.

यात विशेष काय? सा २४० हर्ट्झवर धरा. तानपुऱ्याशी जुळणारा शुद्ध गंधार येतो बरोबर ३०० वर. साध्या कीबोर्डचा गंधार मात्र ३०२.४ च्या आसपास, म्हणजे किंचित चढा. कारण कीबोर्डवर सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात.

सिडमध्ये प्रत्येक सुराची फ्रिक्वेन्सी हा एक आकडा असतो, ० ते ६५,५३५ मधला. युरोपियन मॉडेलवर कीबोर्डचा गंधार हवा तर ५१४९ लिहायचं, खाँसाहेबांचा हवा तर ५१०९. फक्त चाळीसचा फरक, पण सा सोबत वाजवून बघा, कान लगेच सांगतो. तयार नोट-टेबल कॉपी केलं की हा फरक हातातून जातो. म्हणून माझं टेबल मी स्वतः लिहितो.

हार्मोनियम का हरली

देवल आणि क्लेमंट्स यांनी मोजलेल्या श्रुतींची खास हार्मोनियम करवून घेतली. १९१६ साली बडोद्याच्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत ती मांडली, पण जाणकारांनी ती स्वीकारली नाही. सूर मोजणं चूक होतं असं नाही. पण गाताना सूर एका जागी उभा राहत नाही. मींड घेताना तो दोन स्वरांच्या मधून वाहतो, आणि पेटीची पट्टी जागची हलत नाही.

इथे चिप पेटीच्या पुढे जाते. कमोडोरवरचे म्युझिक प्रोग्रॅम साधारणपणे सेकंदाला ५० वेळा चिपमधले आकडे बदलतात. म्हणजे मींड हवी तर ५० पायऱ्यांत हळूहळू आकडा सरकवा. पण कुठे रेंगाळायचं आणि कुठे झटकन उतरायचं, ते कुठल्याच टेबलात नाही. त्यासाठी ऐकावंच लागतं.

तीन मिनिटांची चौकट

ऐकायला आहे काय? ७८ आरपीएमच्या तबकड्या. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. जो राग मैफलीत तासभर चालायचा तो तेवढ्यात बसवायचा. आता यात आणि ६४ केबीच्या डेमोत मला तरी फारसा फरक दिसत नाही. खाँसाहेब घाई करत नाहीत. एकच धागा धरतात, बाकीचं सोडून देतात. डेमो लिहिणाऱ्याने नेमकं हेच शिकायचं.

आयुष्याची चौकट मात्र त्यांना अशी जमवता आली नाही. १९२२ साली ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांनी वडिलांचं नाव सोडलं. सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर ही त्यांचीच मुलं. नाव गेलं, पण गळ्यातला सूर किराण्याचाच राहिला.

२७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीला जाताना त्यांना त्रास होऊ लागला. सिंगपेरुमाळकोइल स्टेशनवर ते उतरले आणि तिथेच गेले. देह मिरजेला आणला. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे, आणि उरुसात दरवर्षी तिथे गवई हजेरी लावतात.

आता करून बघा: त्यांची भैरवीतली ठुमरी हेडफोन लावून ऐका. मग फोनवर तानपुऱ्याचं अॅप सुरू करून त्यावर कुठल्याही कीबोर्ड अॅपचा गंधार दाबा. तो चाळीसचा फरक तुम्हालाही ऐकू येतो का, कमेंटमध्ये नक्की सांगा.