लुई ब्रेल

३ जानेवारीला आपण शाळेत सावित्रीबाईंची जयंती केली. ४ जानेवारीला लुई ब्रेल यांची जयंती असते. ती आपल्याकडे कोणी करत नाही, म्हणून मी त्यांची माहिती लिहीत आहे.

लुई ब्रेल यांचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी फ्रान्स देशात कुव्रे नावाच्या खेड्यात झाला. त्यांचे वडील घोड्यांची खोगिरे आणि लगाम करायचे. जुन्नरच्या बाजारात चपला शिवणाऱ्या काकांकडे टोकदार आरी असते, तसली आरी त्यांच्याकडे होती. लुई ३ वर्षांचा असताना आरी घेऊन खेळायला लागला. ती सटकली आणि डोळ्यात घुसली. तो डोळा नासला, मग दुसराही गेला. ५ वर्षांचा होईस्तोवर त्याला काहीच दिसेना.

तरी आईवडिलांनी त्याला गावच्या शाळेत घातले. तो लई हुशार होता. ऐकलेले सगळे त्याच्या ध्यानात राही. पण नुसते ऐकायचे, एवढेच. आपल्या हाताने लिहिता येत नव्हते.

१८१९ साली तो पॅरिसला अंध मुलांच्या शाळेत गेला. तेव्हा तो माझ्याएवढाच, १० वर्षांचा होता. तिथल्या पुस्तकांत साधी अक्षरेच कागदावर फुगवून छापलेली होती. पुस्तके जाडजूड आणि जड. एक एक अक्षर चाचपायला फार वेळ लागे.

शार्ल बार्बिये नावाच्या गृहस्थांनी टिंबांची एक लिपी काढली होती. १८२१ साली ती या शाळेत आली. पण तिच्यात १२ टिंबे होती. ती सगळी एका बोटाखाली मावत नसत. शिवाय ती उच्चारावर होती, त्यामुळे शुद्धलेखन कळत नसे. लुई खटपट करत राहिला. १८२४ साली, १५ व्या वर्षी, त्याने ६ टिंबांत लिपी बसवली. उभ्या दोन ओळी, एकेकीत ३ टिंबे. त्यांतून ६३ खुणा होतात. अक्षरे, अंक आणि संगीतसुद्धा लिहिता येते. १८२९ साली त्यांनी या लिपीचे पुस्तक काढले. पुढे ते त्याच शाळेत शिक्षक झाले. ऑर्गनही छान वाजवत.

६ जानेवारी १८५२ रोजी क्षयरोगाने ते वारले. वय अवघे ४३. फ्रान्सने त्यांची लिपी मान्य केली १८५४ साली. ते बघायला ते नव्हते, याचे मला फार वाईट वाटते.

आपल्या देशात १९५१ साली भारती ब्रेल ठरली. तिच्यात मराठीही लिहितात. अ म्हणजे एकच टिंब.

हे मला दादाने दाखवले. तो माझा आतेभाऊ, आंबेगाव तालुक्यात राहतो. त्याला जन्मापासून दिसत नाही. लहानपणी तो वर्गात बसून नुसता ऐकायचा. वही नव्हती. लोक आत्याला म्हणायचे की याला शिकवून काय करणार. मग तो पुण्याला अंध मुलांच्या शाळेत गेला आणि ब्रेल शिकला. दिवाळीत त्याने पाटीत जाड कागद अडकवून टोचणीने माझे नाव लिहिले. उजवीकडून डावीकडे टोचायचे, मग कागद उलटून डावीकडून वाचायचे. मी डोळे मिटून बोट फिरवले. मला नुसती खरखर लागली. दादाने झटकन वाचले.

आता दादाकडे बोलणारा मोबाईल आहे. बोट लावले की तो वाचून दाखवतो. २०१६ पासून सुगम्य पुस्तकालय नावाचे इंटरनेटवरचे ग्रंथालयही आहे. मी विचारले की मग ब्रेल कशाला? दादा म्हणाला की दिन आणि दीन कानाला सारखेच लागतात, बोटालाच फरक कळतो. ब्रेलमध्ये इ आणि ई ची टिंबे वेगळी आहेत.

माझे श्रुतलेखनात याच चुकांचे गुण जातात. दादाचे जात नाहीत. ज्या आरीने लुईचे डोळे गेले, तसल्याच टोकाने दादा लिहितो. पुढच्या दिवाळीपर्यंत मी ब्रेलची बाराखडी शिकणार आहे. मग दादाला मी स्वतः पत्र लिहीन, आणि ते त्याला दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावे लागणार नाही.

इयत्ता चौथी