भास्कराचार्य : सूक्ष्म आणि स्थूल

भास्कराचार्यांचा जन्म इ. स. १११४ मध्यें झाला. सह्याद्रीजवळील विज्जडविड हें त्यांचें गांव. पिता महेश्वर हेच त्यांचे गुरु. वयाच्या ३६ व्या वर्षीं, इ. स. ११५० मध्यें, त्यांनीं सिद्धान्तशिरोमणि हा ग्रंथ रचिला. लीलावती हा त्याचाच अंकगणिताचा भाग होय.

वर्तुळांत तीनपासून नऊपर्यंत समान बाजूंच्या आकृति काढिल्यास प्रत्येकीची बाजू किती, हें लीलावतींत सांगितलें आहे. व्यास १,२०,००० धरिला असतां त्रिकोणाची बाजू १,०३,९२३, चौरसाची ८४,८५३, पंचकोनाची ७०,५३४ व षट्कोनाची ६०,००० येते. बाजू कळली कीं क्षेत्रफळ सोपें. केंद्रापासून प्रत्येक कोनबिंदूस रेषा जोडावी, एका त्रिकोणाचें क्षेत्रफळ काढावें व तें बाजूंच्या संख्येनें गुणावें. व्यास २,००० असल्यास षट्कोनाची बाजू १,००० व क्षेत्रफळ सुमारें २५,९८,०७६ होतें.

परंतु सूक्ष्मता किती राखावी? व्यासावरून परीघ काढण्यास आचार्यांनीं दोन गुणक दिले : सूक्ष्म ३९२७/१२५० आणि व्यवहारासाठीं स्थूल २२/७. विहिरीचा व्यास ७ हात असेल, तर परीघ स्थूल रीतीनें २२ हात व सूक्ष्म रीतीनें २१.९९१२ हात येतो. हातास २४ अंगुळें धरिल्यास हा फरक पाव अंगुळाहूनही कमी आहे. कठडा बांधणाऱ्या गवंड्यास स्थूल मान पुरे. ग्रहगणित करणाऱ्यास तें पुरणार नाहीं.

सप्तकोन व नवकोन यांच्या बाजू मात्र नुसत्या वर्गमुळांनीं मिळत नाहींत. त्यांसाठीं लीलावतींत ५२,०५५ व ४१,०३१ हे अंक आहेत. खरे अंक सुमारें ५२,०६६ व ४१,०४२ असे आहेत. दोहोंतही ११ चा फरक पडतो. अंगणाच्या फरशीस यानें बाध येत नाहीं. पण पांच अंक लिहिले म्हणजे पांचही बिनचूक असतात असें नव्हे, हें यांतून दिसतें.

इ. स. ११८३ मध्यें आचार्यांनीं करणकुतूहल हा ग्रंथ लिहिला. पुढें त्यांचे नातू चांगदेव यांनीं त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला. त्याला मिळालेल्या देणगीचा इ. स. १२०७ चा शिलालेख पाटण येथें आहे. हें पाटण आपल्या कराडशेजारचें कोयनाकांठचें नव्हे, तर खानदेशांतील चाळीसगांवजवळचें. तो लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं उजेडांत आणिला.

विद्यार्थीमित्रहो, उत्तरांत दशांश स्थळांची रांग लावण्यापूर्वीं बाजू किती बारकाईनें मोजली आहे, हें पहावें. मोजमाप स्थूल असेल तर उत्तरही स्थूलच. आणि तें तसें आहे, हें स्पष्ट लिहावें. आचार्यांनीं तेंच केलें.